नऊ जेम्स आणि एक एल्स्पेथ

एनिस, काउंटी क्लेअर
१४ मार्च २०२१

तीर्थरूप वसंतदादा यांस,

चारुदत्तचा आयर्लंडहून, बसल्या जागेवरून साष्टांग नमस्कार (उठायची सोय नाही, मांडीवर नात झोपली आहे). वहिनींचा गुडघा कसा आहे? तुम्ही दोघांनी लस घेतलीत का? माझा नंबर अजून लागलेला नाही. उर्मिलाच्या बाळंतपणाला तीन महिन्यांसाठी म्हणून आलो, त्याला आता तेरा महिने झाले. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही असा सरकारी हुकूम आहे, आणि पाच किलोमीटरच्या आत जे आहे ते माझं बघून झालं आहे (एक नदी आणि एक जुना मठ, मठ बंद). अशा अवस्थेत माणूस शेजाऱ्यांशी बोलायला लागतो. तिथेच मी फसलो.

आमच्या भिंतीपलीकडे ब्रीडा हॅनराहन नावाच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई एकट्या राहतात. माझी तेहतीस वर्षं भूमी अभिलेख कार्यालयात जुने फेरफार वाचण्यात गेली, असं मी एकदा सहज बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी बाईंनी भिंतीवर बिस्किटांचा डबा ठेवला. मी आनंदाने उघडला तर आत कागद! बाईंचं म्हणणं असं, की त्यांची आजी एल्स्पेथ ही स्कॉटलंडमधल्या ड्रमेलनच्या अर्लची मुलगी, घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराबरोबर पळून इकडे आली. (अर्ल म्हणजे आपल्याकडचा जहागीरदार समजा, फक्त गुडघे उघडे.) पुरावा काय, तर अर्लच्या घराण्याची खूण म्हणून हरणाचं डोकं कोरलेला एक चांदीचा चमचा. तो स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये असतो, असं त्या म्हणाल्या (इथे कपाटाला प्रेस म्हणतात; त्यांचा चमचा इस्त्रीपाशी का असतो, याचा मी आठवडाभर विचार केला). त्यांचा डंडॉक गावातला भाचा दर नाताळात सगळ्यांसमोर त्यांना ‘युअर लेडीशिप’ म्हणून चिडवतो. डोळे मिटायच्या आत हे कागदावर सिद्ध झालेलं बघायचं आहे, असं बाई म्हणाल्या. मग मला नाही म्हणवेना.

दादा, कुणाच्या वैऱ्यावरही स्कॉटिश सरदारांची वंशावळ काढायची वेळ येऊ नये. एकूण अकरा अर्ल, त्यांतले नऊ जेम्स. उरलेले दोघे अलेक्झांडर, पण त्यांचे थोरले मुलगे पुन्हा जेम्सच. एका जेम्सच्या तीन बायका, तिघींचं नाव मार्गारेट. आपल्याकडे बापाचं नाव मधे लिहून माणूस ओळखता येतो; यांच्यात तसं लिहिलं तर ‘जेम्स जेम्स’ असं घड्याळासारखं वाजत राहील. शिवाय अक्षर असं, की आपल्या पांडू तलाठ्याचं मोत्यासारखं वाटावं. चार महिने मी लॅपटॉपला नाक लावून बसलो. नात रडली तरी मी ‘सातवा का आठवा?’ एवढंच पुटपुटायचो. ‘बाबा, तुम्ही रिटायर झालात ना?’ असं उर्मिलाने दोनदा विचारलं, दुसऱ्यांदा जरा जोरात.

शेवटी तिकडच्या एका दफ्तरखान्यातल्या भल्या बाईने ड्रमेलनच्या कारभाऱ्याच्या वहीचं एक पान पाठवलं. सन १८९६. ‘एल्स्पेथ, धुणीघरातली मोलकरीण, कामावरून काढली. एक चमचा कमी. बाईसाहेबांची माफी मागण्यास सांगितले. नकार.’

माझ्या हातातला चहा निवून गेला. चार महिने राजकन्येच्या मागे फिरलो आणि सापडली चमचा घेऊन गेलेली मोलकरीण! उर्मिला म्हणाली, ‘कशाला दुखवता म्हाताऱ्या बाईंना? इतके जेम्स आहेत, दाखवून टाका एखाद्याची मुलगी म्हणून.’ मी भडकलोच. कागदात नाही ते मी लिहिणार नाही, असं तिला ठणकावलं. पण बाईंना सांगायचा धीर होईना. तीन दिवसांनी पावसात छत्री धरून भिंतीपाशी उभा राहिलो आणि ते पान वाचून दाखवलं. बाई ‘ग्रँड’ म्हणाल्या (इथे घर जळालं तरी ग्रँडच म्हणतात) आणि आत निघून गेल्या.

मग नऊ दिवस त्यांचा पडदा उघडला नाही. मी कचऱ्याचा डबा दिवसातून दोनदा बाहेर नेऊ लागलो, उगीचच, दिसतात का बघायला. या देशात माझ्याशी सावकाश बोलणारं ते एकच माणूस होतं, दादा, आणि ते मी खरेपणापायी घालवलं.

दहाव्या दिवशी बाई स्वतःहून भिंतीशी आल्या. ‘मिस्टर चारू, शेवटची ओळ पुन्हा वाचा.’

वाचली. माफी मागण्यास सांगितले. नकार.

बाई हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ‘माझ्या आजीने जन्मात कुणाची माफी मागितली नाही. ना नवऱ्याची, ना पाद्रीबाबांची. त्या लॉर्डांच्या घोळक्यात मला ती कुठे दिसतच नव्हती. ही मात्र तीच!’ मग माझ्यासमोरच त्यांनी भाच्याला फोन लावला आणि ते पान ठासून वाचून दाखवलं. तो हसला नाही. त्याने एक प्रत मागितली.

असो. नात जागी झाली आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
चारुदत्त

ता. क. : उपकाराची फेड म्हणून ब्रीडाबाईंनी आता आपल्या घराण्याचा शोध घ्यायचं मनावर घेतलं आहे. बोलण्याच्या भरात मी त्यांना आपल्या मूळपुरुष सरदारांबद्दल सांगून बसलो. येत्या रविवारी त्या व्हिडिओ कॉलवर तुमच्या दिवाणखान्यातली फ्रेम केलेली वंशावळ बघणार आहेत.

ता. क. दुसरा : ते सरदार तुमच्या अपूर्वाच्या स्थळाच्या बैठकीआधी चहा पिता पिता आपण दोघांनी मनानेच रचले होते, हे तुम्हाला आठवत असेलच. बाईंना मराठी येत नाही, पण उर्मिलाकडून त्यांनी आपले आकडे शिकून घेतले आहेत, आणि घाईत आपण सरदारांचा जन्म त्यांच्या मुलानंतर सहा वर्षांनी लिहिला आहे. तेव्हा कृपा करून ती फ्रेम शनिवारपर्यंत उतरवा (पोस्टाने हे वेळेत पोचणार नाही, म्हणून उर्मिला पत्राचा फोटो मोबाइलवर पाठवते आहे). भिंतीवर डाग दिसेल, तिथे कॅलेंडर लावा. अपूर्वाच्या सासरी यातलं काही बोलू नका.