आप्पांचा कोळशावरचा पहारा

१२ जाने. १९५८, रविवार. दौंड
आप्पांना नवा सोटा मिळाला. कंत्राटदाराच्या मुकादमानं दिला, टोकाला लोखंडी कडं बसवलेला. जुना फार हलका होता म्हणे. आप्पांनी तो दाराआड उभा केला आणि जेवताना त्याच्याकडं पाठ करून बसले. आई म्हणाली, "बायकांवर उगारायला येवढा जड कशाला?" ताट भिंतीवर. आमटी देवाच्या तसबिरीवर. धाकटी लीला नऊ वर्षांची झाली तरी अजून मोरीत जाऊन उभी राहते, तशीच राहिली. मी भिंत पुसली.
रेल्वेच्या यार्डाच्या कडेला कंत्राटदाराचे कोळशाचे ढीग आहेत, ते आप्पा राखतात. वेचायला येणाऱ्या बायापोरींना हाकलायचं, एवढंच काम. शाळेच्या फॉर्मात 'वडिलांचा धंदा' असतं तिथं मी 'कंत्राटी नोकरी' लिहिते.

१९ जाने.
पाबळहून आप्पांचे तालमीतले जोडीदार आले होते. आप्पांचा गुडघा जायच्या आधीच्या गोष्टी निघाल्या. ढाक मारून कुणाला कसं पाडलं, फेटा कुणी बांधला. आप्पा इतके हसले की लीलाही हसायला लागली. मग पाहुण्यांनी विचारलं, "हितं काय काम करतोस, रामा?" आप्पा म्हणाले, "यार्डात. साहेबाच्या हाताखाली." आई चहा देता देता बोलून गेली, "कोळशावर पहाऱ्याला हायेत."
आप्पा पाहुण्यांना स्टेशनावर सोडून आले आणि कडी लावली. आईच्या पाठीवर पट्ट्याचे चार वळ. मी मधे पडले, एक माझ्या दंडावर. नंतर आप्पा स्वतःच हळद उगाळायला बसले. आईनं ती लावून घेतली नाही.

२७ जाने.
आप्पांचा डबा मी दुपारी यार्डात नेऊन देते. आज गेले तर मुकादम सगळ्या हमालांसमोर बोलत होता. "पैलवान, बायका तुला भितात का तू बायकांना? ढीग बसत चाललाय. एकीचं तरी हाड मोडल्याबिगर त्यांना कळायचं न्हाई. जमत नसंल तर खोली मोकळी कर." (आमची खोली कंत्राटदाराचीच.) हमाल हसले. आप्पा जमिनीकडं बघत होते. मग मी दिसले. मी ऐकलं हे त्यांना कळलं, तेच वाईट झालं.
घरी आल्यावर मार नाही. बोललेच नाहीत. आई म्हणाली, बोलत न्हाईत तवा जास्त भ्या वाटतं.

३० जाने.
लिहायचं नव्हतं. पण हात थांबत नाही.
डबा घेऊन गेले. ढिगाच्या पायथ्याला पाच-सहा बाया होत्या. आप्पा येताना दिसले तशा पळाल्या. शेवंतामावशी पळाली नाही. ही मागच्या आळीतली, नवरा नाही, आईबरोबर वाकळा शिवायला बसते. टोपली घट्ट धरून म्हणाली, "पैलवान, येवढी घिऊ द्या. पोरगी बाळंतीण हाय घरात, पानी तापवायचंय."
आप्पा म्हणाले, "मावशी, जावा." परत म्हणाले, "जावा, म्हंतो ना."
मुकादम शेडच्या पायरीवरून ओरडला, "हाण की! बघतोस काय?"
पहिला सोटा खांद्यावर. मावशी पडली, टोपली खाली. तेवढ्यावर थांबायला पाहिजे होतं. मी मनात म्हणत होते, झालं, झालं आता. आप्पांनी परत उचलला आणि पडलेलीच्या डोक्यात घातला. आवाज मोठा आला नाही. मऊ आला. कोळशावर रक्त लाल दिसत नाही, नुसतं ओलं दिसतं.
आप्पा वळले. मला म्हणाले, "डबा ठेव आन् घरी जा."
मी डबा ठेवला आणि घरी आले. मावशीजवळ गेले नाही.

३१ जाने.
मावशी जिवंत आहे. दवाखान्यात नेलंय. डावा डोळा गेला म्हणतात, शुद्ध नाही. आप्पा रोजच्या वेळेला कामावर गेले. मुकादमानं पाठ थोपटली म्हणे. येऊन मोरीत उलटी केली. आई पाणी द्यायला गेली तर तांब्या तिच्याच कपाळावर बसला.
तिला अजून सांगितलेलं नाही की मी तिथं होते.

२ फेब्रु., रविवार
सकाळी दार फोडलं. शेवंतामावशीचे दोघे दीर आणि जावई, हातात कुदळीचे दांडे. आप्पा दाढी करत होते, अर्ध्या गालाला साबण. ओढून बाहेर अंगणात घेतलं. त्या तिघांना आप्पा एका हातानं लोळवतील, गुडघा गेला तरी. पण हात वर केला नाही. तोंडसुद्धा झाकलं नाही. दांडा पडला की नुसता हूं आवाज. आई त्यांच्या अंगावर पडली तर तिलाही लाथा.
शेवटी शेजारचे टांगेवाले शेखचाचा चाबूक घेऊन धावत आले. "बस करा रे! मारून टाकता काय? पोरी बघतायत त्याच्या!" धाकटा दीर तिथंच रडायला लागला, दांडा हातात तसाच.
दोन बरगड्या, पुढचे तीन दात. लीलानं ते दात मातीतून वेचून वाटीत ठेवले. कुणी सांगितलं नव्हतं.

५ फेब्रु.
आई पेज घेऊन दवाखान्यात गेली होती, मावशीला शुद्ध आली तर पाजायला. तिच्या लेकीनं घेऊ दिली नाही, वाटी रस्त्यावर ओतली. ही गोष्ट आप्पांच्या कानावर गेली. अंथरुणातून उठले, बरगड्या बांधलेल्या, आणि आईला केसांनी धरून अंगणात आणली. "मला तुरुंगात घालायला निघालीस? आं?" तिचं डोकं पाण्याच्या दगडी डोणीवर. एकदा, दोनदा.
दाराआडचा सोटा मी कधी घेतला ते आठवत नाही. त्यांच्या अधू गुडघ्यावर मारला. खाली बसले. ओरडले नाहीत. वर बघून म्हणाले, "दुसरा मार. मी थांबलो न्हाई, तू कशाला थांबतीस?"
मी थांबले. पण मारायचा होता. हे कुणाला सांगणार नाही, म्हणून इथं लिहिते. मारायचा होता.

८ फेब्रु.
फौजदार सोमवारी सगळ्यांचे जबाब घेणार. त्याआधी आज मुकादम घरी आला, पानबिन खाऊन. म्हणाला, बाई ढिगावरून घसरून पडली, हमाल तसंच सांगणार आहेत. पोरगी तिथं होती असं कुणीतरी बोललंय, तर पोरीनंही तसंच सांगावं. नोकरी राहील, खोली राहील. नाहीतर मंगळवारी सामान बाहेर. आप्पा भिंतीकडं तोंड करून पडले होते. तो गेला तरी वळले नाहीत.
आईला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिनं मला मोरीत ओढलं. तिचा ओठ अजून फाटलेला, नीट बोलता येत नाही.
"तू डबा दिऊन आधीच आली व्हतीस. कळलं?"
"आई, तू तिच्या मांडीला मांडी लावून वाकळा शिवल्यास."
"व्हय. शिवल्या. आन् लीलाला कुठं झोपवू, ते सांग."
तिनं मला थोबाडीत मारली आणि मग माझ्याच खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. आई कधी मारत नाही.

१० फेब्रु., सोमवार
खरं सांगितलं.
चौकीत फौजदार लिहीत होते. "किती वेळा मारलं?" दोनदा. "दुसऱ्यांदा मारलं तेव्हा बाई उभी होती?" पडलेली होती. मुकादम काय ओरडला तेही सांगितलं. फौजदारांनी टाक थांबवून विचारलं, "नक्की ना? विचार करून बोल, बाळ." म्हटलं, नक्की. सही केली, आडनाव वाकडं आलं.
आप्पा बाहेर बाकावर होते. दार उघडंच, सगळं ऐकलं. मी बाहेर आले तसे उठले आणि हवालदारासमोर माझ्या कानाखाली अशी दिली की अजून त्या कानानं ऐकू येत नाही. हवालदारानं त्यांचा हात पिरगाळला. आप्पा त्याला म्हणाले, "सोड. मला आत जाऊ दे. आता माझं लिवा."
आत गेले. दार लागलं. काय लिहून दिलं, माहीत नाही.

११ फेब्रु.
सामान खरंच बाहेर. मुकादमाच्या माणसांनी चूल लाथेनं फोडली. शेखचाचांनी टांग्यातून स्टँडवर पोचवलं. आई, मी, लीला यष्टीनं शिरूरला मामाकडे. आप्पांना आत ठेवलंय. माझं मॅट्रिकचं वर्ष गेलं. वाटेत आई माझ्या दुखऱ्या कानावर पदर धरून बसली होती.

२३ फेब्रु., रविवार. शिरूर
वसंतामामा काल दौंडला जाऊन आला. मावशी शुद्धीवर आहे पण लेकीला ओळखत नाही. आप्पा जामिनावर सुटलेत. जामीन कुणी दिला, नक्की नाही. दौंडात एक म्हणतो मुकादमानं, म्हणजे आप्पांनी घसरून पडल्याचंच सांगितलं. दुसरा म्हणतो पाबळच्या तालमीतल्या लोकांनी, कारण आप्पांनी सगळं कबूल केलं. मामी विचारते, किती दिवस राहणार. आई उद्यापासून तंबाखूच्या वखारीत कामाला जाणार आहे.

त्याच दिवशी, दुपारी
आप्पा आलेत.
लीला धावत मोरीत गेली. आई भाजी चिरत होती, ती विळी हातात घेऊनच दारात उभी राहिली. "काय पायजे ते तिथनंच बोला."
"सुमन हाय का?"
"माझ्याशी बोला."
"तिलाच बोलायचंय."
मामा घरात नाही. ते ओट्यावर बसलेत. मोकळे हात मांडीवर. दात नाहीत म्हणून तोंड म्हाताऱ्यासारखं दिसतं. तासभर झाला, हाक मारत नाहीत आणि जातही नाहीत. मी हे आतून लिहिते आहे. आई दारातून हललेली नाही, विळी हातातच.
आता आप्पांनी परत विचारलं. हळू आवाजात. या कानानं नीट कळलं नाही, माझं नाव तेवढं कळलं.
उठते. आईला बाजूला व्हायला सांगते.