झोत आला की हात आखडायचा

प्रिय अण्णा,

तुम्ही गेल्यापासून मी तुम्हाला एकदाही लिहिलं नाही. आज लिहितेय, कारण दुपारी चिकलठाण्याला माझं विमान आपटता आपटता वाचलं, आणि चूक तुम्हीच शिकवलेली होती. रागावू नका, आधी ऐका!

दोन माणसांचं लहानसं शिकाऊ विमान. आत मी एकटीच. मला शिकवणाऱ्या मॅडम खाली रेडिओवर. निघाले तेव्हा वारा शांत होता. परतताना मात्र आडवा सुटला, तोही थांबून थांबून, झोतांनी. "वेग थोडा जास्त ठेव. नाही जमलं तर परत वर जा, घाई नाही," मॅडम म्हणाल्या. बोलायला सोपं हो!

नाक वाऱ्याकडे तिरकं धरून मी धावपट्टीवर येत होते. जमीन अगदी जवळ आली आणि एक झोत आला. विमान वर उचललं गेलं, आणि इंजिनाच्या दांड्यावरचा माझा उजवा हात आपोआप मागं आला. इंजिनाची ताकद मीच काढून घेतली!

हा हात कुठला, ओळखलात? खळ्यावरचा. मळणीयंत्र आलं तरी घरचा मूग तुम्ही हातानंच उफणायचात. मला तिवईवर चढवायचात, सूप द्यायचात आणि खालून ओरडायचात, "झोत आला की हात आखड शारदे, नाय तर दाणं भुसासंगं जातील!"

खळ्यावर ते बरोबरच होतं, अण्णा. विमानात नाही. झोत सरला, वेग मेला आणि विमान दगडासारखं खाली बसायला लागलं. धोक्याचा भोंगा वाजला. त्या वेळी तुमची आठवणबिठवण काही आली नाही. मेले, एवढंच मनात आलं.

पूर्ण ताकद दिली. चाकं टेकायच्या आत विमान सावरलं आणि मी पुन्हा वर गेले. रडत होते, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या फेरीत उजव्या हाताला मोठ्यानं बजावलं, "हलायचं नाही!" एक झोत आला, दुसरा आला. विमान हिंदकळलं, हात तिथंच राहिला. पट्टीवर आल्यावर पायानं नाक सरळ केलं, वाऱ्याकडचा पंख जरा खाली ठेवला आणि अगदी शेवटी हळूहळू ताकद कमी केली. आधी एक चाक टेकलं, मग दुसरं.

"हात का मागं घेतलास?" मॅडमनी विचारलं. मी खळ्याचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "वहीत लिहून ठेव," म्हणाल्या. लिहिलं.

तेवढ्यात खुलताबादहून आईचा फोन. "लई वारं सुटलंय गं. तू इमानात नव्हतीस ना?"

"नाही गं, आज उडालेच नाही." किती सहज बोलून गेले मी!

फोन ठेवला आणि तुम्ही आठवलात. तुम्हीही हेच केलंत ना? जायच्या आधी दोन दिवस तुमच्या छातीत दुखत होतं. आई विचारायची आणि तुम्ही म्हणायचात, "काय नाय, दमलोय जरा." तिला घाबरवायचं नव्हतं, कळतं मला. पण तुम्हाला दवाखान्यात न्यायची संधीच तुम्ही तिला दिली नाहीत. "मला का नाय सांगितलं त्यांनी?" असं ती अजून मला विचारते. मला तुमचा राग येतो, अण्णा. अजून येतो.

रविवारी घरी जाते. आईला शेजारी बसवून सगळं सांगणार, भोंग्यासकट. ती रडेल, उडू नको म्हणेल, दोन दिवस बोलणारही नाही कदाचित. चालेल. यापुढं मी घाबरले, तर ते तिला माझ्याच तोंडून कळेल. हा तुम्हाला शब्द.

तुमची,
शारदा