हिरव्या पट्टीचं कपाट

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज हात उठता उठता राहिला!

मी गाइडं ढकलगाडीत भरत होतो. पैलवान आला आणि गाडीला सणसणीत लाथ घातली. पैलवान म्हणजे कॉलेजच्या पोरांचा पुढारी, मागे दहाबारा जण घेऊनच हिंडतो. नोकरीच्या परीक्षांची गाइडं ग्रंथपाल बाईंच्या हुकमानं तळघरात चाललीत. त्यांचं कपाट आता परदेशातून शिकायला आलेली पोरं सुचवतील त्या पुस्तकांना. पैलवान ओरडला, "आमची गाइडं उंदरांत, आणि पाहुण्यांची पुस्तकं पंख्याखाली?" मी म्हणालो, बाईंना विचार. तर म्हणे, "तू कोण रे मध्ये बोलणारा? तूही बाहेरचाच. हमाल साला!"

हातात दाभण होतं. त्याच्या मानेकडे बघत राहिलो. बोलताना तिथली शीर काय फुगते! दादानं मनगट धरलं. दादा इथला बाइंडर, मी त्याच्या हाताखाली. म्हणाला, "दाभण पुठ्ठ्यात मारायचं. माणसात मारलं की बोथट होतं."

संध्याकाळपर्यंत मनगट दुखत होतं. म्हातारा असून काय पकड आहे!

६ फेब्रुवारी, गुरुवार

लंबूची पुस्तकं आली. लंबू परदेशी पोरांतला सगळ्यात उंच. दारातून वाकूनच येतो. त्यानं सुचवलेली पुस्तकं त्याच्याच भाषेतली. वर्गात ती भाषा येणारा तो एकटा. बाईंना विचारलं, मग वाचणार कोण? बाई म्हणाल्या, "आधी कपाटात तर येऊ देत. ग्रंथालय म्हणजे काय एकाच घरची फडताळं?"

बांधणी सगळी कच्ची, म्हणून दादानं सरसकट काळं रेक्झिन चढवलं. दादाची एक खोड आहे — कुठलंही पुस्तक असो, काळंच. पाठीवर नाव पांढऱ्या रंगानं लिहितो. पण ही लिपी त्याला येत नाही. "चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा कोरं बरं." म्हणून पाठी कोऱ्या, खाली फक्त हिरवी पट्टी. पट्ट्या मीच चिकटवल्या.

लंबू खळ ढवळायला बसला. दादाला 'दादी' म्हणाला. दादा भडकला, मी पोट धरून हसलो. मग लंबू म्हणतो, "तुम्ही लोक सगळं मारता! शिक्का मारता, झाडू मारता, गाठ मारता, गप्पा मारता. मिठीसुद्धा मारता!" खरंच की. कधी लक्षातच आलं नव्हतं.

एक गोष्ट सांगितली त्यानं पुस्तकातली. एक कोळी असतो. जाळ्यात काही येत नाही म्हणून समुद्रालाच वल्ह्यानं बडवतो. अख्खा दिवस. मी म्हणालो, समुद्राला काय फरक पडला? "काही नाही. पण कोळी झोपला."

बेस्ट गोष्ट आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आईचा फोन. "जेवतोस ना वेळेवर? भांडत नाहीस ना कुणाशी?" पहिल्याला हो म्हणालो, दुसऱ्याला नाही. दोन्ही खोटं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लंबूला मारलं. भरदिवसा, सायकल स्टँडमध्ये. हवा भरायच्या पंपानं. मी पोचलो तेव्हा तो दोन सायकलींच्या मध्ये अडकून पडला होता, हात कोपरातून भलतीकडे वळलेला. तोंडातून आवाज नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं!

बघणारे होते पाचपंचवीस. कुणी काही बघितलं नाही म्हणे.

प्लास्टर घालून झाल्यावर लंबू बोलला. "कपाट राहिलं तर मी राहतो. ते काढलं तर मी कशाला? घरी जातो."

पैलवानाच्या खोलीवर जायला निघालो होतो. पंपच घेऊन. दादा दारात आडवा. "जा. त्याला मार, तू आत जा, लंबू घरी जाईल, कपाट त्यांना. सगळं त्यांच्या मनासारखं." पंप भिंतीवर आपटला. वाकडा झाला. भिंतीला काही नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

लिहायला बसलोय, बोटं सुजलीत. पुढचा एक दात गेला.

सकाळी कँटीनमध्ये माझ्या मागच्याच टेबलावर ठरत होतं. दुपारी मोर्चा, हिरव्या पट्टीची पुस्तकं मैदानात, होळी. मला बघूनही आवाज खाली केला नाही. हमालाला काय घाबरायचं!

परत आलो. दादा फडकं भिजवून बसला होता, जणू मीच सांगून गेलो होतो. ओलं फडकं ठेवायचं, पट्टी सुटते. जिन्याखाली कॉलेजचे जुने वार्षिकांक होते. तेही काळ्या रेक्झिनमध्ये, पाठीवरची नावं केव्हाच उडालेली. पट्ट्या त्यांना लावल्या. ते कपाटात, लंबूची पुस्तकं तळघरात गाइडांच्या मागे. दादा एवढंच म्हणाला, "खळ ओली आहे, पंखा लाव."

आले. बाई दारात उभ्या राहिल्या, त्यांना ढकललं, चष्मा फुटला. मग मी घुसलो. दार वाचवायचं नव्हतंच, पण बाईंना हात लावला ना! किती मारले, किती खाल्ले, आठवत नाही. एकाचा कान चावलाय एवढं नक्की.

मैदानात ढीग पेटला. पैलवान स्वतः एकेक फेकत होता. एकानंही एक पान उघडून बघितलं नाही! तोंडात रक्त आणि मी हसतोय. पोरांना वाटलं डोकं फिरलं याचं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंना तळघरात नेलं. पुस्तकांवरून हात फिरवत राहिल्या. मग एकदम — "मग जळलं काय?" सांगितलं. त्या पायरीवर बसल्या. "अरे, कॉलेजची सगळी वर्षं जाळलीस की!"

"मी नाही. त्यांनी जाळली."

"कुणाला बोलू नकोस. लंबूला सोडून कुणालाच नाही."

लंबू राहतोय! डाव्या हातानं लिहायला शिकतोय, कोंबडीचे पाय नुसते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कुणाला बोलू नकोस म्हणाल्या बाई. पण पैलवानाला सांगणारच. सगळ्यांसमोर, भर कँटीनमध्ये. तुझ्याच कॉलेजचं जाळलंस रे, गाढवा, स्वतःच्या हातानं! तेव्हाचं त्याचं थोबाड बघायचंय. खळ ढवळताना तेच वाक्य मनात घोळवतो. रोज थोडं धारदार होतं. दाभणापेक्षा खोल जाईल.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पैलवान आला. एकटाच. चप्पल बाहेर काढून.

"भाऊ, जुने वार्षिकांक कुठं असतात? आमचा थोरला इथंच होता, पळण्याच्या संघात. गेला तो. आजारी वगैरे नव्हता रे, चांगला धडधाकट होता, ट्रकखाली आला. घरी त्याचा एक फोटो नाही. आई हट्ट धरून बसलीय."

भाऊ म्हणाला मला.

वाक्य जिभेच्या टोकावर होतं.

"बाइंडिंगला गेलेत," मी म्हणालो.

"मग थांबतो."

बाहेर बाकावर बसलाय.