तुझं लॉगिन अजून चालू आहे

प्रिय दादा,

माझे फोन तू घेत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतोस, म्हणून शेवटी कागद. शुद्धलेखनाला हसू नकोस. मराठी आपण दोघंही बोलण्यापुरतीच शिकलोय.

बातमी अशी की बाबांच्या जागेवर आता मी बसते. पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूममध्ये, त्याच खुर्चीवर, जिचं एक चाक बाबांनी वायरने बांधलंय. आईने तोंड फिरवलं. म्हणाली, त्या थंड खोलीने एक माणूस खाल्ला, आता तूही जा. पण मला ते मशीन खरंच आवडतं रे. सोळा वर्षं एकदाही बंद नाही. ज्या कंपनीने ही सिस्टिम बनवली ती विकली गेली, जिने घेतली तीही विकली गेली, आणि हे आपलं शहराला पाणी सोडतंय. सगळ्यात भारी काय माहितीये? इथे फाइल सेव्ह केली की जुनी पुसली जात नाही. पुढच्या नंबरची नवी बनते, जुनी तशीच मागे राहते. तुला हे माहीतच असणार, तू पण इथेच शिकलास. मी आपली नव्या नवरीसारखी सगळ्यांना सांगत सुटते.

आता जे सांगते ते आईला बोलू नकोस. माझ्या पहिल्याच सोमवारी, सकाळी सात दहाला, चालू कामांच्या यादीत बाबांचं नाव आलं. त्यांना जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. तीन सेकंद दिसलं आणि गेलं. मी मागे वळून पाहिलं. वेडेपणाच, खुर्चीत तर मीच होते. मंगळवारी पुन्हा सात दहा. पंपावरच्या फोरमनकाकांना सांगितलं तर म्हणाले, साहेबांना हजेरी लावल्याशिवाय चैन पडत नाही. हसले, आणि मग त्यांचं हसू कुठे गेलं कळलं नाही. मला वाटलं, कोणीतरी पासवर्ड चोरलाय. तो बदलला. तरी सात दहा. खरं सांगू, नंतर भीती गेली आणि मी वाट बघायला लागले. सात नऊला चहा बाजूला ठेवायचे, नीट बसायचे.

गेल्या आठवड्यात शेवटी उलगडा झाला. बाबांनी लिहिलेला एक छोटा प्रोग्राम आहे. स्वतःचं काम उरकतो आणि जाता जाता उद्याच्या रांगेत स्वतःलाच उभं करतो. काम एवढंच: नव्वद दिवस न वापरलेलं लॉगिन सिस्टिम बंद करते, तर त्याने रोज सांगायचं की एक लॉगिन वापरात आहे. तुझं. तुमचं भांडण मी जिन्यात उभी राहून ऐकलं होतं. तू म्हणालास, ह्या जुन्या मशीनचं मढं राखत बसलायत तुम्ही. ते म्हणाले, आजच्या आज तुझं नाव काढून टाकतो. त्याला अकरा वर्षं झाली. नियमाप्रमाणे गेलेल्या माणसाचं काम मी थांबवायला हवं होतं. हात गेला नाही.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. तुझ्या लॉगिनच्या जागेत बाबांची एक फाइल आहे, तुझ्याच नावाची. तिचे एक्केचाळीस नंबर आहेत. पहिली सगळ्यात मोठी, पाच-सहा पानं तरी असतील. मग लहान लहान होत गेल्यात. चाळीसावी दोन-तीन ओळींची असेल. एक्केचाळीसावी ते दवाखान्यात गेले त्याच सकाळची, आणि ती रिकामी आहे. मी एकही उघडलेली नाही, उघडता येते तरी. एकवीस तारखेला दुपारी चार वाजता हे मशीन कायमचं बंद होणार आहे, आणि बटण मला दाबायचंय. नव्या सिस्टिमवर प्रत्येक फाइलचा फक्त शेवटचा नंबर जातो. म्हणजे तुझ्या नावाने रिकामं पान जाईल. ठरलेलं तेवढंच न्यायचं, बाहेर काही काढायचं नाही, असं वरून सहीनिशी लिहून घेतलंय. मी ते मोडायला तयार आहे, पण तुला न विचारता नाही. शेवटी रिकामं ठेवणं हेच त्यांना म्हणायचं होतं की तेवढ्यात त्यांना बोलावणं आलं, ते मला कळत नाही. तुला कळेल कदाचित. ये. नाहीतर कुठल्या नंबरची फाइल काढू ते तरी कळव.

तुझीच,
ढमी