मांडवच्या तळ्यात हंस नाहीत

प्रिय आई,

परवा मांडवला जाऊन आले. तुला जाऊन चार वर्षं झाली, पण ही गोष्ट तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगू? म्हणून लिहायला बसले.

आठवतं? दर वर्षी धारहून मांडवला आपली दमणी निघायची, दोन बैलांची, पडदे सोडलेली. नाना घोड्यावर पुढे, तू आत पडद्याआड आणि मी गाडीवानाशेजारी पाय हलवत. घाट लागला की तुझं सुरू व्हायचं, "ठके, काय दिसतंय गं?" दरी दिसते. "आणि?" झाडं. "आणि गं?" नुसता जीव खायचीस!

कंटाळून एकदा मी म्हटलं, तळ्यात हंस आहेत, पांढरेशुभ्र! तू इतकी हरखलीस की मला थांबताच येईना. पुढच्या साली हंसांना पिल्लं झाली. तू शेजारीपाजारी सांगत सुटलीस. आई, तिथे एकही हंस नव्हता गं. बगळे होते, तेही दोन-चार.

शेवटच्या दुखण्यात तू म्हणालीस, "बरी झाले की त्या हंसांच्या तळ्यावर एकदा उतरेन." तेव्हा तरी खरं सांगायचं! जीभच रेटेना. तुझे पाय चेपत बसले झालं.

पण तुझंही चुकलंच. पडदा चार बोटं सरकवला असतास, तर नाना काय खाणार होते तुला? मानकऱ्यांच्या बायका बाहेर डोकावत नाहीत, कबूल. पण घाटात बघायला होतं कोण? माकडं!

आता देवासला सासरी मीही पडद्यातच. परवा सासूबाई आणि मी आत, माझी चिमी पुढे. घाटात शिरलो आणि माझ्याच तोंडून निघालं, "चिमे, काय दिसतंय गं?" अगदी तुझाच सूर!

तेवढ्यात एक बैल लंगडायला लागला. गाडीवान म्हणाला, "बाई सा, उतरनो पड़ेगा, बैल नी चढ़े." मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी आपला पदर डोक्यावरून पुढे ओढला. मग म्हणाल्या, "पदर नीट घे आणि चल."

घाट चढून वर आलो, मग पाऊलवाटेने थेट तळ्यावर. आता खरं ऐक. पाणी हिरवट आहे. काठाला शेवाळ, म्हशी डुंबत असतात. पलीकडच्या टेकडीची सावली पार मध्यापर्यंत येते. वाटेत करवंदीच्या जाळ्या आहेत, माझं लुगडं फाटलं. हंसांवाचूनही फार सुंदर आहे गं!

सासूबाई बत्तीस वर्षं मांडवला येताहेत. काठावर मटकन बसल्या. "अगंबाई, एवढं मोठं?" म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. मला मात्र तूच तिथे बसलेली दिसलीस, आणि मीही रडले.

पुढच्या साली बैल धडधाकट असले तरी मी घाटाच्या पायथ्याशीच उतरणार. इकडून रागावणं झालं तर ऐकून घेईन. सासूबाईंचा हात धरून त्यांना वर चढवीन. तुला नेलं नाही आई, नुसतं सांगत राहिले, तेही खोटं. त्यांना नेईन.

तुझी लबाड लेक,
ठकी