सुवर्णाची सही

३ फेब्रुवारी

यांनी आज कोरा कागद पुढ्यात ठेवला. "सुवर्णा, यावर सही गिरव." माझीच सही मला गिरवायला! म्हणे घराला गिऱ्हाईक पक्कं झालंय, विकून खामगावला जायचं, आणि जुन्या खरेदीखतावर केलीस तशीच सही लागेल. वरवट बकालचं हे घर माझ्या नावावर आहे म्हणून माहेरी केवढा तोरा मिरवला मी! पण खरेदीखतावर सही केल्याचं काही केल्या आठवत नाही.

४ फेब्रुवारी

हे शेतात गेल्यावर कपाटातून खरेदीखत काढलं. २०१६चं. आमचं लग्न २०१९चं! आत फोटोही आहे — गोरी, हसरी, कपाळाला ठसठशीत टिकली. ती मी नाही. नाव मात्र माझंच, सुवर्णा राजकुमार.

माहेरची मी वंदना. लग्नात तांदळावर नवं नाव लिहिलं, ते सासूबाईंनी सुचवलेलं. आज सरळ त्यांनाच विचारलं. पापड लाटता लाटता म्हणाल्या, "पह्यलीचं नाव व्हतं थे. रेशनकार्डावर तेच, घरपट्टीवर तेच. कोन बदलत बसते? म्हनून तुले बी तेच ठेवलं."

पहिलीची फारकत झाली, एवढंच मला लग्नाआधी सांगितलं होतं. मला वाटायचं, तिचं नाव या घरात कोणी काढत नाही. दिवसभर काढतात की! संतापानं डोकं भणभणतंय. हातातलं पीठसुद्धा तसंच टाकून उठले.

५ फेब्रुवारी

कशातच मन नाही. भाजीत दोनदा मीठ पडलं.

७ फेब्रुवारी

यांना सांगून टाकलं — दुसऱ्या बाईच्या घराच्या कागदावर मी सही करणार नाही.

"कोनती दुसरी? कागदावर सुवर्णा, आधारवर सुवर्णा. तूच हायेस थे!"

सोमवारी रजिस्ट्री. घरात कोणी माझ्याशी धड बोलत नाही. मी मात्र नाहीच करणार!

८ फेब्रुवारी

सासूबाईंच्या मोबाईलमध्ये त्या पहिल्या सुवर्णाचा नंबर अजून आहे. लावला. ती रोहिणखेडला, माहेरी असते. भांडेल वाटलं होतं. शांत बोलली.

"थे घर माह्या बापानं घेऊन देल्लं, बाई. मले न इचारता इकून राह्यले का?"

मी हो म्हणाले. मग फारकतीचं विचारलं.

"चार लोकं बसले, स्टॅम्पपेपरवर लिवून घेतलं. कोर्टात कोनीच गेलं नाई. काऊन, काय झालं?"

फोन ठेवला आणि शेगावच्या एका वकीलबाईंचा पत्ता मिळवला.

१० फेब्रुवारी

रजिस्ट्रीला गेले नाही. शेगावला वकीलबाईंकडे गेले. नुसत्या स्टॅम्पपेपरनं लग्न मोडत नाही म्हणाल्या. घर तिचं. नवराही तिचाच. माझं तर लग्नच झालेलं नाही!