पेचकस लावला का साफ ऐकू येते

२ जानेवारी १९७८, सोमवार
ठेकेदारानं डायरी देल्ली. कोरी ठेवून काय करू? लिहून राहिलो.
मार्च संपला का माही रिटायरमेंट. पन देवतळे साहेबानं वर लिहिलं तं एक वर्ष एक्स्टेंशन भेटते. भेटनच. साऱ्या पावरहाऊसमंधी पंपाची बेरिंग कानानं ओळखनारा मी एकटा. पेचकसचं (साहेब स्क्रूड्रायव्हर म्हनते) टोक बेरिंगवर, मूठ कानाले. आत काय दुखून राहिलं ते पंप सोता सांगते. साहेबाजोळ डिग्री आहे, माह्याजोळ कान आहे.
पंचफुला म्हनते, पुरे करा आता, क्वार्टर सोडून इंदोऱ्यातल्या आपल्या घरी जाऊन राहू. बायकोचं काय जाते? तिथं दिवसभर बसून मी काय करू? भिंतीले पेचकस लावू?
ठराव: एक्स्टेंशन घेनं.

९ जानेवारी, सोमवार
आंगोळीत उजव्या कानात पानी गेलं. दडा बसला. एका पायावर उड्या मारल्या. मंग माचिसच्या काडीले कापूस गुंडाळून आत फिरवला. काडी निघाली, कापूस नाई दिसला. पडला असन कुठीतरी. लगे हात डावा कानही साफ करून टाकला. काम कसं बरोबरीनं पाहिजे.

१९ जानेवारी, गुरुवार
घरात कुजबुज चालू आहे. पंचफुला अन् शेजारची सुभद्रा नळावर तोंडं हालवतात, आवाज नाई. मी जवळ गेलो का सुभद्रा पदर तोंडाले लावते. काय लपवून राहिल्या?
आधी वाटलं, कानच तं नाई? ड्युटीवर तपासून घेतलं. पंपाले पेचकस लावला. अरे बावा! पहिल्यापेक्षा साफ. बेरिंगची गोळी न् गोळी बोलली. म्हनजे कान ठनठनीत. मानसंच हळू बोलून राहिले.
काहून, ते शोधनं.

२४ जानेवारी, मंगळवार
आनंदराव बहिरा होऊन राहिला. माह्या हाताखाली तयार झालेला मानूस. आता मी काही म्हटलं का कान पुढं करते अन् वरडते, काय म्हनले जी मिस्त्री, जरा मोठ्यानं बोला. मी तं चांगला खनखनीत बोलतो. माह्या डोक्सात घुमते! त्याले म्हटलं, शहरात सदर बाजारात जा गा, कान साफ करून घे. लेकाचा हसला.
अन् सकाळचा जयभीमही बंद केला त्यानं. पहिले दारातूनच आवाज द्यायचा. आता निस्ता हात वर करते अन् ओठ हालवते. मीही नाई देत उत्तर.

५ फेब्रुवारी, रविवार
पंचफुला म्हने डाक्टरकडे चला. डाक्टर कायले? नाटकं. सदरच्या फुटपाथवर कान साफ करनारा बसते, त्याच्याकडे गेलो. लाल पगडी, पगडीत सळया खोसलेल्या, पेटीत तेलाची शिशी. पाहताच म्हने, बाबूजी, कारखानेवाला कान है. मानूस पारखते पाहा! सळई फिरवली अन् एकामागून एक खडे काढून तळहातावर ठेवले. काळे, बोराच्या बी एवढे. माह्या कानात इतकी जागा आहे हे मलेही मालूम नव्हतं. वरून गरम तेल, दोन्हीकडे, अन् बोळे.
खडे पुडीत बांधून घरी आनले. पंचफुलेनं पाह्यले अन् माह्या कानाशी येऊन वरडली, हे तं आपल्या सिगडीतले दिसतात! जळते ती. कोनाचं चांगलं झालं का जळते.

६ फेब्रुवारी, सोमवार
तेल मुरून राहिलं. सारीकडे शांत शांत. म्हनजे सफाई पक्की झाली.

१४ फेब्रुवारी, मंगळवार
आज काम फत्ते. देवतळे साहेब सोता पंपहाऊसमंधी आले. संगं आनंदराव. पंप चालू, त्यात साहेबाचा आवाज बारीक. एक्स्टेंशन एवढं कानावर आलं, बाकी पंपानं खाल्लं. साहेबाले कोनी काय काय म्हनून विचारते का? मुंडी हालवली. साहेबानं पुन्हा काही म्हटलं. पुन्हा हालवली. तिसऱ्या डावाले साहेब माह्या तोंडाकडे पाहतच राहिले, मंग हात मिळवला.
आनंदराव मधात घुसून माही बाही ओढून राहिला, हातवारे करून राहिला. त्याले पाह्यलं नाई गेलं. एका हातानं बाजूले केला अन् साहेबाले सांगतलं, बरोबर आहे साहेब, तसंच करा.
घरी येऊन पंचफुलेले म्हटलं, इंदोरा विसर. एक वर्ष इथंच.

२ मार्च, गुरुवार
दगा.
बोर्डावर आर्डर लागली. एक एप्रिलपासून पंपहाऊसचा मिस्त्री आनंदराव. धोंडबा मिस्त्री सेवानिवृत्त. डोळे तं बरोबर आहेत माहे, दोन डाव वाचली.
ज्याले पेचकस धराले शिकवला, त्यानंच माह्या पोटात खुपसला. म्हनून कुजबुज. म्हनून जयभीम बंद. त्या दिवशी साहेबाजोळ बाही ओढून राहिला होता तोही डावच असन. पेढे घेऊन आला घरी! मी दार लावून घेतलं. पंचफुलेनं उघडलं अन् पेढा खाल्ला. तीही त्यातच.
ठराव: साहेबासमोर दोघाले उभं करनं. आनंदराव काय सफाई देते ते शब्द न् शब्द ऐकनं. त्यासाठी डाक्टर तं डाक्टर.

४ मार्च, शनिवार
सदरची डाक्टरीनबाई. पोरगीच आहे. कानात बॅटरी मारून पाह्यलं. कागदावर लिहून विचारलं, काडी घातली का? नाई म्हटलं. तेल टाकलं का? नाई म्हटलं. खड्यांची पुडी दाखवली तं हसली अन् लिहिलं, खडे त्याच्या मुठीतले, मळ तुमच्या कानातला. पेचकसानं तं साफ ऐकू येते म्हटलं, तं लिहिलं, तो आवाज हाडातून जाते, मानसाचा कानातून. मळ कडक झाला, आधी नरम करा लागते. थेंब देल्ले. कानात काहीही घालाचं नाई म्हने, बोटही नाई. अन् थेंब काय बोटानं चाटू?

७ मार्च, मंगळवार
थेंबानं होतं नोतं तेही गेलं. बस माह्या मागून हार्न मारत आली, मले वाऱ्यानं समजलं. मळ फुगते, घाबरू नका, असं तिनं लिहून ठेवलं होतं. डाक्टरीनबाईले कोनी पढवलं असन? आनंदरावचा साळा सदरलेच राहते.

९ मार्च, गुरुवार
कानाखाली वाकडा ट्रे धरला. मोठी पिचकारी, कोमट पानी. डोक्सं गरगरलं. अन् बदकन काहीतरी ट्रेमंधी पडलं. काळा गोळा. त्यात माचिसचा कापूस. दुसऱ्या कानातूनही तसाच. बाईनं माह्याकडे पाह्यलं. मी पंख्याकडे पाह्यलं. पंखा कुरकुर करून राहिला होता. त्याची बेरिंग गेली आहे, सांगतलं तिले.
रस्त्यावर तं बावा, सायकलची घंटीही डोक्सात शिरून राहिली. बसमंधी पंचफुला बोलली तं आवाज निघेना, घसा पार फाटलेला. विचारलं, काहून वं, सर्दी झाली? तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं. सर्दीच असन.

१० मार्च, शुक्रवार
साहेबाच्या केबिनमंधी दोघाले उभं केलं. म्हटलं, साहेब, याच्यासमोर सांगा, माही जागा याले कोनं देल्ली?
साहेब म्हने, तुम्ही देल्ली, धोंडबाजी.
म्हने, तुम्हाले पंपहाऊसमंधी विचारलं, एक्स्टेंशनसाठी वर लिहू, का आता आराम करता? आराम करता म्हटलं तं मुंडी हालवली. आनंदरावले जागा देऊ? हालवली. पक्कं? हालवली. मलेच पटत नव्हतं, म्हनून तोंडाकडे पाहत राहिलो. तुम्ही म्हनले, तसंच करा.
आनंदराव म्हने, मी बाही ओढत होतो जी मिस्त्री, का हो नका म्हनू. तुम्ही मले ढकललं.
म्हटलं, आर्डर फिरवा. साहेब म्हने, वरून सही झाली.
शब्द न् शब्द ऐकू आला. आनंदरावनं उसासा टाकला, तोही.
साहेबानं पंप बंद करून विचाराले पाहिजे होतं.

३१ मार्च, शुक्रवार
सेंडऑफ झाला. हार, शाल, नारळ. आनंदराव दारातूनच वरडला, जयभीम जी मिस्त्री! कान फाटला. म्हटलं, हळू गा, बहिरा आहे का मी? पेचकस त्याच्या हातात देल्ला. सवयीचा लाकडी मुठीचा. रडला लेकाचा. माहाच चेला, पंपाले पानी सुटलं तं ते बंद कराचं सोडून उभा.
मागच्या बाकावर पंचफुला सुभद्रेले सांगून राहिली होती, हळूच, उद्या सकाळी ट्रक येते इंदोऱ्याले जायले. इतक्या दूरून ऐकू आलं.
साहेबानं भाषन केलं. शेवटी माह्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, काय धोंडबाजी, आपल्या खुशीनं आराम करून राहिले न?
हॉल चूप. साफ ऐकू आलं.
मुंडी हालवली.